तपासलेला अर्ज

जनी माझ्या दारावरून गेली आणि तिनं मला हाक मारली नाही.

समोरच्या गुप्तेवहिनींना मारली. "वैनी, कोलबी हाय, निवटं हायेत जितं," असं नेहमीच्या आवाजात म्हणाली, मासळीची पाटी उतरवली, वहिनींनी दोन वाटे घेतले, पाटी पुन्हा डोक्यावर चढली, आणि मी हातात ताट घेऊन माझ्या उंबऱ्यात उभी असताना ती माझ्यासमोरून, चार हातांवरून, सरळ पुढं गेली. पाहिलं नाही म्हणावं तर तशी सोयच नव्हती. तिनं पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, ताटाकडे पाहिलं, आणि पुढच्या चाळीकडे वळली. अठरा वर्षं बुधवार, शुक्रवार आणि रविवार ही बाई आधी माझ्या दाराशी थांबते. कोपरीत लग्न होऊन आले त्या वर्षापासून. मी "नको" म्हटलं तरी पाटी उतरवून, फडकं बाजूला करून, "बगा तरी" म्हणते. आणि आज ताट घेऊन उभी असलेली मी तिला दिसले नाही! सुधीर, माझा नवरा, बूट चढवत होता. तो ठाण्यातल्याच एका कंपनीत आहे, त्यामुळं त्याला सकाळी घाई नसते आणि माझ्या संतापाकडे बघायला वेळ असतो. म्हणाला, "गेली असेल घाईत. शुक्रवारी घे." मी म्हटलं, "घाईत असती तर गुप्त्यांकडे दहा मिनिटं बसली नसती." तो हसला. "वासंती, तुला मासे नकोच आहेत. तुला हाक हवी आहे." त्याला असं काहीतरी म्हणून ऑफिसला निघून जायला फार आवडतं. उत्तर द्यायला माणूस समोर लागतं, आणि तो तोवर जिन्यात असतो.

मी ताट परत ओट्यावर आपटलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा शब्दशः कळलं, कारण मी अनवाणी होते आणि लादी गार होती, तरी पाय तापले होते. काय कमी केलं मी या बाईसाठी? तिची मुलगी शेवंती आमच्या शाळेत आली ती माझ्या शब्दावर. मुख्याध्यापक म्हणत होते, पट भरलाय. मी म्हटलं, माझ्या वर्गात बाकावर तिसरी बसेल. पाचवीपासून दहावीपर्यंत ती माझ्याकडे इंग्रजी शिकली, आणि दहावीच्या वर्षी रोज संध्याकाळी पाच ते सहा माझ्या घरी, याच खोलीत, याच पाटावर बसून. एक पैसा घेतला नाही मी. जनी कधी चिंबोऱ्या पुढं करायची, मी वजन करायला लावून घ्यायची. कोपरीच्या खाडीकडच्या टोकाला कोळ्यांची ती जी आळी आहे, तिथून मराठी माध्यमातली, इंग्रजीत एकाहत्तर मार्क मिळवलेली पहिली मुलगी शेवंती आहे. त्या एकाहत्तरांत माझे किती, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायला हवं होतं असं आज वाटलं. चांगलं चारचौघांत, बंदरावर उभं राहून, मोठ्यानं.

आणि शिकवलं तेही काय, नुसतं पोपटपंचीचं नाही. आमच्या शाळेतली मुलं इंग्रजीत दोन वाक्यं लिहितात आणि मध्ये स्वल्पविराम टाकून मोकळी होतात. स्वल्पविरामात दोन पूर्ण वाक्यांना धरून ठेवायची ताकद नसते, हे त्यांना कोणी सांगतच नाही. मी सांगते. मी फळ्यावर सहा शब्द लिहिते: हाउएव्हर, देअरफोर, मोअरओव्हर, नेव्हरदलेस, कॉन्सिक्वेन्टली, अदरवाइज. हे शब्द दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहून दोघांचं नातं सांगतात. पहिलं वाक्य संपलं की अर्धविराम, मग शब्द, मग स्वल्पविराम, मग दुसरं वाक्य. शब्द दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तर त्याच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम. आणि नातं खरं असलं पाहिजे. उलटं काही सांगायचं असेल तर हाउएव्हर, भर घालायची असेल तर मोअरओव्हर, आणि पहिल्यातून दुसरं खरोखरच निघत असेल, तरच देअरफोर. पाऊस पडला, देअरफोर शाळा बंद. पाऊस पडला, देअरफोर मामा आले, असं नाही चालत. मामा पाऊस नसता तरी आले असते. मुलं हसतात, आणि हसली की विसरत नाहीत. सतरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल देअरफोर चुकीच्या जागी घालत नाही, हे मला पैजेवर सांगता येईल. बाकीच्यांचा अभिमान गाडीचा असतो, फ्लॅटचा असतो. माझा एवढाच आहे.

हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. आम्ही डोंबिवलीचे. बाबा, हरिहर कर्णिक, फोर्टमधल्या एका जुन्या कंपनीत पत्रांचे मसुदे लिहायचे. साहेब म्हणायचा, कर्णिक लिहितील ते न वाचता सही करावी. घरीसुद्धा आम्ही बाबांना काही मागायचं ते इंग्रजीत लिहून मागायचो, वहीचं पान फाडून. सहलीला जाऊ का, नवी चप्पल हवी आहे. चूक असली की पान लाल होऊन परत यायचं, सहल होईतो दुरुस्त झालं तर सहल. लग्न होऊन मी कोपरीला आले तेव्हाही पत्रं इंग्रजीतच. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा मी बाबांना एक पानभर लिहिलं. काय लिहिलं होतं ते सगळं आठवत नाही. आता बरी आहे, पण झोप येत नाही, असं एक वाक्य होतं. चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत माझंच पत्र होतं. हाउएव्हरच्या आधी मी दिलेला स्वल्पविराम बाबांनी लाल शाईनं अर्धविराम केला होता आणि खाली लिहिलं होतं, पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारणा. ही गोष्ट मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगते. बाळाचं सांगत नाही, आजारी होते असं सांगते. वर्ग खो खो हसतो. शेवंतीच्या वर्षी पण हसला. ती एकटी हसली नाही, तिनं हात वर करून विचारलं, "बाई, मग त्यांनी पत्राचं उत्तर काय दिलं?" मी म्हटलं, "हेच उत्तर." मला तेव्हा तिचा थोडा राग आला होता. चांगल्या चाललेल्या तासात मध्येच काहीतरी विचारणारी मुलं असतात, तसा.

म्हणजे जनीशी भांडण झालं असेल तर ते कशावरून? मी भांडी घासता घासता सगळा आठवडा पाहून घेतला. रविवारी आम्ही कल्याणला गेलो होतो, मी घरी नव्हते. शुक्रवारी घरी शिवरात्रीचा उपास, मासे घ्यायचेच नव्हते, तिला ते ठाऊक. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, शेवंती आली होती. सकाळी नऊच्या सुमारास, दोन मोठे कागद घडी न घालता छातीशी धरून. ती आता त्यांच्याच आळीत बालवाडी घेते. म्हणाली, "बाई, अर्ज लिहिलाय गावाचा. एकदा बघता? इंग्लिशमध्येच द्या बोलले सगळे, वरचे साहेब मराठीवाले नाहीत." मी पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत बसले होते, दुसऱ्या तुकडीचे, माझ्या हाताखाली नसलेल्या मुलांचे. समोर साठ पेपरांची चळत, त्यात प्रश्न पाचवा नेमका हाच, दिलेला शब्द वापरून वाक्यं जोडा, आणि त्रेपन्न पेपरांत त्रेपन्न तऱ्हांनी माती खाल्लेली. डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "ठेव इथं, बघते." तिनं ठेवले. चळतीवर ठेवले. तिथंच तिनं ठेवले की मी, हे आता आठवत नाही, पण ते चळतीवर होते आणि माझ्या हातात लाल पेन होतं.

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या घाणीनंतर ती दोन पानं म्हणजे पाणी मारल्यासारखी होती. अक्षर माझ्या वळणाचं. सुरुवातीला तारीख, तारखेत स्वल्पविराम बरोबर. पहिल्या पानावर दोन हाउएव्हर, एक मोअरओव्हर. एका हाउएव्हरच्या आधी अर्धविराम राहिला होता तो मी दिला. दुसऱ्या पानावर एक अदरवाइज उगीच होता, त्याला गोल केला. मग एक वाक्य असं होतं, की आमच्या गावातला अमका एक माणूस एकोणऐंशी साली या बंदरावरून होडी घेऊन गेला, तो आजपर्यंत परत आलेला नाही, देअरफोर हे बंदर बंद करू नये. त्या माणसाचं नाव होतं तिथं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला शेवंतीचा राग आला. सहा वर्षं हिला शिकवलं त्याचं हे? एक माणूस परत आला नाही, यातून बंदर बंद करू नये हे कसं निघतं? उलट कोणी म्हणेल, इथून जाणारी माणसं परत येत नाहीत, देअरफोर बंद करा. मी अख्ख्या वाक्यावर रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि समासात लिहिलं, हे कारण होत नाही. खाली सवयीनं दहापैकी सहा दिले, आद्याक्षरं घातली, आणि कागद तिच्या हातात देऊन म्हटलं, "छान आहे. फेअर कर आता." ती कागदांकडे बघत थोडी उभी राहिली, मग "हो बाई" म्हणून गेली.

एवढंच. यात चिडण्यासारखं काय आहे? शाळेत तिच्या वह्या याहून लाल झालेल्या आहेत. पण आठवता आठवता माझा हात भांड्यात थांबला, कारण दुसऱ्या पानावर मी मारलेल्या रेघेच्या खाली काहीतरी निळं निळं होतं, ओळींनी, ते मला आता दिसलं. तेव्हाही दिसलं असणारच. मी ते शाई सांडल्यासारखं पाहिलं आणि सहा हा आकडा लिहायला त्यातल्यात्यात मोकळी जागा शोधली. ते अंगठे होते.

मी हात पुसले आणि निघाले. शाळा साडेबाराला, दहा वाजले होते. कोळ्यांची आळी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तिथं मी अठरा वर्षांत कधी गेले नव्हते. जायचं कारणच पडलं नाही. मासे दाराशी येतात, मुलगी शाळेत येते. वाटेभर मी मनात भांडत होते. काही बिघडलं असलं तर मला येऊन सांगायचं की नाही? तोंड वाकडं करून दारावरून जायचं ही कुठली रीत? शेवंतीची बालवाडी देवळामागच्या खोलीत होती. वीसेक पोरं चटईवर बसून चिंचोके मोजत होती. मला बघून ती ताडकन उठली, तशी ती अजून उठते, आणि तिच्याबरोबर सगळी पोरं उठली. मी तिला बाहेर घेतलं. "अर्ज दिलास?" मी विचारलं.

"द्यायला गेलेली बाई," ती म्हणाली. "पेटी बंद झालेली."

"कसली पेटी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हरकतींची. खाडीच्या बाजूला भराव टाकून रस्ता काढणारेत ना, आणि प्लॉट. बंदर जातंय त्यात. ज्यांची हरकत असेल त्यांनी लिहून द्या बोललेले. गुरुवारी तीन वाजता शेवटचं होतं. तसं वरच लिहिलेलं बाई, पहिल्याच ओळीत."

तारखेतला स्वल्पविराम मी तपासला होता. तारीख वाचली नव्हती.

"पण तू तर सकाळी नऊला आली होतीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आत पोरं गप्प झाली. "तीन वाजेपर्यंत काय करत होतीस?"

"फेअर केला ना."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, आणि मी देवळाच्या भिंतीला टेकून ऐकलं. गेल्या बुधवारी संध्याकाळी तिनं अख्ख्या आळीला बसवून अर्ज मराठीत वाचून दाखवला होता. त्रेसष्ट जणांनी अंगठे दिले, कारण गुरुवारी दुपारच्या पाण्याला होड्या निघणार होत्या, पुरुष तीन-चार दिवस येणार नव्हते. अर्ज तयार होता. जाता जाता बाईंना दाखवू, म्हणून ती माझ्याकडे आली. आणि तपासलेला कागद तसाच नेऊन द्यायचा नसतो, हे तिला कोणी शिकवलं होतं? मीच. माझ्या वर्गात लाल झालेलं पान पुढं करणाऱ्याला मी ते पान फाडून परत द्यायची. शेवंतीनं घरी जाऊन दोन्ही पानं पुन्हा लिहिली, मी सांगितल्याप्रमाणे, एक अक्षर इकडंतिकडं न करता. जरा पान बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून; बारा वाजून गेले. बंदरावर आली तर होड्या सुटलेल्या. मग घरोघर फिरून अकरा अंगठे मिळाले, म्हातारे नाथादाजी आणि दहा बायका. कचेरीत पोचली तेव्हा सव्वातीन. तिथला माणूस वाईट नव्हता, त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पण पेटीला लाख लागली होती आणि वर कागद चिकटवला होता. ज्या गावांचं काही आलेलं नाही त्यांची हरकत नाही असं धरण्यात येईल, असा नियम आहे म्हणे.

"म्हणजे तुमच्या गावाची हरकत नाही," मी म्हटलं.

"असं लिहिलं गेलं बाई."

मला त्या नियमाचा संताप आला. तीन वाजता पेटी बंद करणाऱ्याचा आला, भराव टाकणाऱ्यांचा आला. पण सगळ्यांत जास्त आला तो या समोर हात जोडल्यासारख्या उभ्या असलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीचा. "अगं, तुला डोकं नाही का?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी लाल केलं तर केलं! तसाच नेऊन द्यायचा! मोडकंतोडकं का असेना, त्यांना कळलं असतं! मी काय साहेब आहे? माझं का ऐकलंस?"

शेवंती खाली बघत राहिली. "तुम्ही तपासलेलं कधी चुकीचं निघालेलं नाही ना बाई," ती म्हणाली. "आणि दहातले सहाच दिलेले तुम्ही. मला वाटलं, एवढा खराब कागद गावाच्या नावानं कसा द्यायचा."

 मला एक थोबाडीत हवी होती आणि ती द्यायला तिथं कोणी नव्हतं. मी तिला म्हटलं, मी लिहून देते, चूक माझी आहे, उशीर माझ्यामुळे झाला, मी स्वतः येते साहेबाकडे. ती "हो बाई" म्हणाली. मी काहीही म्हटलं असतं तरी ती "हो बाई" म्हणाली असती, हे मला दिसत होतं, आणि हे तिला मीच करून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं वर्गात, आणि वर रोज पाच ते सहा, फुकट. आत एक पोर रडायला लागलं, ती आत गेली.

मी शाळेकडे वळायला हवं होतं. वळले नाही. बंदर कुठं ते मी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, तिनं हनुवटीनं दाखवलं. बंदर म्हणजे मला काहीतरी दगडी, पायऱ्यांचं वगैरे वाटत होतं. तिथं एक मातीचा उतार होता, दोन खुंट, उलटी घातलेली एक होडी, आणि पलीकडे ओहोटीचा चिखल, त्यावर टुणटुण उड्या मारणारे निवटे. तीन हजार चौरस फूटसुद्धा नसेल. त्या दोन पानांत याचं वर्णन असणारच, तिनं लिहिलं असणारच की इथं काय उतरतं, कोण बसतं, कुठल्या पाण्याला होडी लागते. मला त्यातलं एक अक्षर आठवेना. कुठं अर्धविराम दिला ते मी आत्ता डोळे मिटून सांगू शकले असते. मी त्या उलट्या होडीच्या सावलीत उभी राहिले. साडेबारा झाले, शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांत माझा एकही तास चुकला नव्हता. त्या दिवशी दोन चुकले.

एकच्या सुमारास जनी आली. रिकामी पाटी काखेत. मला बघून ती थबकली नाही, खाडीच्या पाण्यात पाटी धुवायला बसली. मी जवळ जाऊन म्हटलं, "जनी, मला शेवंतीनं सांगितलं. माझं चुकलं. मी उद्याच येते कचेरीत, मी साहेबाला सांगते."

"सांगा की," ती म्हणाली. पाटीवरचे खवले बोटांनी सोडवत होती.

"मी खरंच सांगते. नाही ऐकलं तर मोठ्या साहेबाकडे जाते. असं कसं हरकत नाही म्हणतात? मी सोडणार नाही त्यांना."

"त्या पेटीचा जाव द्या बाई," जनी म्हणाली. "ती उगरी असती तरी सरकार काय आयकनार हाय? नाय ते नाय. त्याचा आमी तुमाला कवा काय बोललो?" तिनं पाटी उलटी आपटली, पाणी झटकलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बुदवारी पोरीनी वाचला तवा त्यात आमच्या मानसाचा व्हता. मीच घालाय लावलेला. दुसऱ्या दिशी नवा कागद वाचला, मी आयकतंय, आयकतंय, तो येयच ना. पोरीला इचारला, कुटं गेला? ती बोल्ली, बाईंनी काटला." तिनं पाटीचा ओला काठ पुसला. "मी आंगटा नाय दिला मंग. बाकीच्यांनी दिला. मी नाय दिला."

तिच्या कपाळावर मोठं, लालभडक कुंकू होतं. अठरा वर्षं ते मी पाहत होते, म्हणून मी कधी काही विचारलं नव्हतं. एकोणऐंशी साली गौरींच्या वेळी तीन आठवडे ती आली नव्हती. आमच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, कोळंबी लागते, ती नेहमी जनी आणायची. त्या वर्षी मला स्टेशनजवळच्या बाजारातून शिळी आणावी लागली. तीन आठवड्यांनी ती दाराशी आली तेव्हा मी तिला फैलावर घेतलं होतं. ऐन सणाला दांड्या मारायच्या असतील तर मी दुसरी बघेन, म्हटलं होतं. ती म्हणाली होती, घरात काम व्हता बाई. पाटी उतरवली होती, फडकं बाजूला केलं होतं, बगा तरी म्हणाली होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "जनी, शप्पथ माहीत नव्हतं. मला वाटलं, गावातला कुणीतरी... शेवंतीनं माझे वडील असं लिहिलं असतं तर..."

"गावाचा अर्ज, त्यात माजा बा कसा लिवील ती?"

"मला वाटलं, याचा बंदराशी संबंध नाही."

"कसा नाय?" जनी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "हितून गेला तो. येल तर हितंच येल ना? हितं रस्ता केला तर कुटं लागल त्याची होरी? माजिवड्याच्या नाक्याव?"

  पाणी अजून खाली चाललं होतं, चिखल रुंद होत होता. शेवटी मला एकच गोष्ट सुचली, की ते वाक्य पुन्हा लिहायचं. आत्ता, इथं, मराठीत, वाटेल त्या भाषेत, पहिल्या ओळीत घालायचं, आणि तो कागद घेऊन उद्या मी कचेरीच्या दारात बसेन. मी पर्समधून शाळेची टाचणवही काढली, कोरं पान उघडलं. लिहायला लागले, आणि तिथंच अडले. ते नाव मी गुरुवारी दोनदा वाचून खोडलं होतं, तरी आठवेना; आणि शेवंतीची हजेरी मी सहा वर्षं नंबरानं घेतली होती.

"जनी," मी म्हटलं, "त्यांचं नाव काय?"

जनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की एवढ्या शिकलेल्या बाईला एवढं साधं कसं कळत नाही.

"मी कसा घेव नाव?" ती म्हणाली. "मना घेता येत नाय. म्हनून तर पोरीला लिवाय लावलेला."